साठीतला एमएस आणि ‘आता या वयात काय करायचं?’

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा तरुणांचा आजार आहे असं आम्हा डॉक्टरांना शिकवलं जातं. ते खरंच आहे. बहुतेकांना तो २० ते ४० या वयात गाठतो. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. काहींना पहिला त्रास पन्नाशीनंतर होतो, काहींचं निदान साठीत होतं. असा रिपोर्ट हाती पडला की घरात, नातेवाइकांत आणि आमच्या दवाखान्यांतही एकच वाक्य ऐकू येतं: ‘आता या वयात काय करायचं?’

वाक्य मायेचं वाटतं. पण माझ्या मते रुग्णाचं सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं.

हा आजार नेमका काय?

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. मग संदेश हळू जातो किंवा वाटेतच अडतो. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. आपल्याकडे तो होतच नाही, असा समज बरीच वर्षं होता. मुंबईचे न्यूरोलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी पारशी समाजाचा अभ्यास करून १९९० मध्ये दाखवून दिलं की या समाजात एमएस चांगलाच आढळतो. पुढे एमआरआय सर्वत्र आले आणि इतर समाजांतले रुग्णही दिसू लागले.

तरुणपणी हा आजार सहसा झटक्यांनी येतो: एका डोळ्याने अंधुक दिसतं, हातपाय बधिर होतात, मग बरंही वाटतं. उतारवयात तो बऱ्याचदा गुपचूप येतो. एक पाय जड पडतो, चप्पल पायातून निसटते, जिना चढताना कठडा लागतो, लघवीला गेलं की थांबवत नाही. हे सगळं ‘वयोमानाने’ या एका शब्दात बसतं. मग मणक्याची झीज, मधुमेहामुळे खराब झालेल्या नसा, बी-१२ ची कमतरता अशी लेबलं लागतात आणि वर्षं निघून जातात.

उलट चूकही होते, तीही लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर रक्तदाब आणि मधुमेहामुळे मेंदूच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसणं अगदी सामान्य आहे. रिपोर्टात ‘डिमायलिनेशन’ शब्द वाचून एमएसचा शिक्का मारून घेऊ नका. न्यूरोलॉजिस्टची तपासणी, मज्जारज्जूचा एमआरआय, गरज पडल्यास पाठीतलं पाणी आणि काही रक्ततपासण्या यांची सांगड बसली तरच निदान पक्कं.

‘या वयात औषधं कशाला?’

या युक्तिवादात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. एमएसची औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. वय वाढतं तसा त्यांचा फायदा कमी होत जातो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध म्हणजे २०१७ मधलं ओक्रेलिझुमॅब. त्याच्या मुख्य चाचणीत १८ ते ५५ वयाचेच रुग्ण होते. म्हणजे ६२ वर्षांच्या रुग्णाबद्दल ती चाचणी थेट काही सांगत नाही.

पण चाचणीत घेतलं नव्हतं याचा अर्थ फायदा होत नाही, असा होत नाही. अमेरिकेतल्या डिस्कोम्स या अभ्यासात ५५ वर्षांवरच्या, काही वर्षं स्थिर असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांचं औषध थांबवलं. २०२३ मध्ये निकाल आला. औषध सुरू ठेवलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के, तर थांबवलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांत नवा झटका किंवा एमआरआयवर नवा डाग दिसला. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. थांबवणाऱ्यांपैकी बहुतेकांना दोन वर्षांत काही झालं नाही, आणि तरीही थांबवणं सुरू ठेवण्याइतकं सुरक्षित ठरलं नाही.

म्हणून निर्णय जन्मतारखेवर नको. अलीकडे झटका आला का, एमआरआयमध्ये ताजी सूज दिसते का, वारंवार न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग होतो का, खर्च झेपतो का, हे विचारून तो व्हायला हवा. सगळं तोलून ‘औषध नको’ असं ठरलं, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. न विचारताच नको म्हणणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं. आणि औषध सुरू करायचंच असेल, तर फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या लसींबद्दल आधी विचारा. नंतर त्यांचा असर कमी होऊ शकतो.

नागपूरचा उन्हाळा आणि सलाईनची घाई

३० मे हा जागतिक एमएस दिन. आपल्याकडे तेव्हा नवतपा चालू असतो. एमएसच्या रुग्णासाठी याहून कठीण दिवस नाहीत. आवरण गेलेला चेतातंतू उष्णतेत आणखी मंदावतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी पाय लटपटतात, नजर धूसर होते. जर्मन डॉक्टर ऊथॉफ यांनी १८९० मध्ये ही गोष्ट नोंदवली, म्हणून तिला ऊथॉफचं नाव आहे.

महत्त्वाचं हे की हा त्रास तात्पुरता असतो. शरीर थंड झालं की तो ओसरतो, नवं नुकसान होत नाही. पण होतं काय? दुपारी बाजारात जाऊन आलेल्या रुग्णाचे पाय गळतात, घरचे घाबरतात आणि ‘अटॅक आला’ म्हणून स्टेरॉइडची सलाईन लागते. काही जणांना तर ती दर उन्हाळ्यात लागते. साठीतल्या, त्यातून मधुमेही माणसाची साखर त्याने भडकते, हाडं ठिसूळ होतात, संसर्ग वाढतो. हा उपचार नव्हे, घाई आहे.

खरा झटका म्हणजे नवा त्रास, २४ तासांहून जास्त टिकणारा, आणि त्यामागे ताप, संसर्ग किंवा ऊन नाही. म्हणून आधी थंड जागी आराम करा, ताप पाहा, लघवी तपासून घ्या. मात्र तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा एका बाजूची शक्ती अचानक जाणं हा या वयात लकवा असू शकतो. तिथे वाट पाहू नका, तडक मोठ्या रुग्णालयात जा. भर उन्हात तापून गुंगी आली, बडबड सुरू झाली, तर तो उष्माघात समजा. अंग थंड करायला लगेच सुरुवात करा आणि रुग्णालय गाठा.

बाकी उपाय साधे आहेत. बाहेरची कामं सकाळी लवकर उरका, ओला दुपट्टा मानेवर ठेवा, अंघोळीला गार पाणी घ्या. मे महिन्याच्या कोरड्या हवेत आपला कूलर उत्तम काम करतो; पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा जमल्यास एक खोली एसीची ठेवा. आणि लघवीच्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. त्या घाईवर औषधं आहेत, ती मागा.

‘तुम्ही फक्त आराम करा’

घरातलं हे प्रेम मला सगळ्यात घातक वाटतं. निदान झालं की बाबांची स्कूटर बंद, बँकेचं पासबुक मुलाकडे, आईला स्वयंपाकघरात बंदी, आणि रिपोर्टवरची चर्चा दुसऱ्या खोलीत. पाय कमजोर झाले म्हणून माणसाची निर्णयशक्ती जात नाही. स्कूटर चालवणं सुरक्षित आहे का, हे तपासून ठरवा. पासबुकाचा पायांशी काय संबंध?

खुर्चीत बसवलेले स्नायू झपाट्याने वाळतात. एमएसमध्ये व्यायाम चालतो, तो लाभतोही. फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळण्याचे व्यायाम शिका. पाऊल लटकत असेल तर पट्टा मिळतो. काठीची लाज वाटत असेल, तर मोडलेल्या खुब्याची कल्पना करा. सतत थकवा आणि उदासी ही आजाराचीच लक्षणं आहेत; ‘मन खंबीर करा’ म्हणून ती जात नाहीत, उपचाराने कमी होतात.

आणि तुमचा हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. अनेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. या कार्डाला वयाची अट नाही. ‘म्हातारपणात कसलं कार्ड?’ असं कुणी म्हटलं तर कायदा दाखवा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा एक कागद न्या. त्यावर लिहा: माझा आजार आत्ता सक्रिय आहे का? औषध द्यायचं किंवा न द्यायचं कारण काय? चालणं, लघवी, थकवा आणि मन, यांपैकी कशावर आज उपचार सुरू करता येईल? उत्तरात फक्त ‘वय’ आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. साठीतल्या माणसापुढे आणखी वीस वर्षं असू शकतात. ती कशी जगायची, हे त्याला विचारूनच ठरलं पाहिजे.

(हा लेख माहितीसाठी आहे. आपली औषधं स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.)