‘घरात कोणी वकील आहे का?’

गेल्या महिन्यात माझी भाची पुण्यातल्या एका लॉ फर्ममध्ये मुलाखतीला गेली होती. देहूरोडहून सकाळची लोकल पकडून शिवाजीनगरला उतरली आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचली. हातात पाच वर्षांच्या गुणपत्रिका, सनद आणि स्वतः लिहिलेले तीन दाव्यांचे मसुदे, पक्षकारांची नावं खोडून. पिंपरी कोर्टातल्या एका दिवाणी वकिलाकडे तिने वर्षभर बिनपगारी काम केलं, त्याची ही कमाई.

मुलाखत बारा मिनिटं चालली. मसुदे कोणी उघडले नाहीत. प्रश्न चार. घरात कोणी वकील आहे का? देहूरोडला नेमकं कुठे राहता? वडील काय करतात? आणि शेवटचा, अगदी हसतमुखाने, ‘आमचं वातावरण जरा वेगळं आहे, तुम्हाला जमेल ना?’

पहिल्या प्रश्नाला तिने माझं नाव सांगितलं. ‘मामा पिंपरी कोर्टात आहेत.’ त्यावर समोरच्या साहेबांनी मान हलवली म्हणे. पिंपरी कोर्टातला, अपघाताचे दावे आणि जामीन अर्ज चालवणारा मामा त्यांच्या हिशेबात वकिलांत धरत नसावेत.

संध्याकाळी घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘मामू, त्यांनी मला कायद्याचा एकही प्रश्न विचारला नाही.’

मी बावीस वर्षं वकिली करतोय. ओळखपरेड म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. माणसं रांगेत उभी करतात आणि साक्षीदार त्यातून ओळखीचा चेहरा शोधतो. आपल्या धंद्यात नव्या मुलामुलींची निवड अशीच होते. आपण तिला परीक्षा म्हणतो, गुणवत्ता म्हणतो. प्रत्यक्षात ती ओळखपरेड आहे. फरक इतकाच, की इथे ओळख पटली तर सुटका होते आणि नाही पटली तर शिक्षा.

ही पद्धत आजची नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन मुंबईत आले आणि इथले पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. माणूस बुद्धिमान होता, यात वाद नाही. पण त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन आधीच सॉलिसिटर झालेले होते. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा अशील बॅरिस्टरकडे थेट जाऊ शकत नसे. काम सॉलिसिटरच्या हातून यायचं. घरात सॉलिसिटर असणं म्हणजे काय, ते यावरून समजावं.

आता दुसरा बॅरिस्टर घ्या. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. यापेक्षा भारी गुणपत्रिका आजही कोणाकडे नसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम देईनात. पोट चालवायला त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी पुण्याच्या कोर्टात जेधे-जवळकरांची बाजू लढवली आणि त्यांना सोडवलं. सॉलिसिटरांनी ज्याला पारखलं नाही, त्याला अखेर खटल्यांनी पारखलं.

आमच्या देहूरोडला हे सांगायला पुस्तक लागत नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. भाची रोज त्या विहाराच्या गावातून स्टेशनला जाते आणि शंभर वर्षांनंतर तोच प्रश्न ऐकून परत येते. तुझं कोण आहे?

कोणी म्हणेल, आता काळ बदललाय, फर्म आता मोठ्या लॉ स्कूलमधून मुलं घेतात, प्रवेश परीक्षा देऊन आलेली. ठीक आहे, त्या परीक्षेकडेही बघू. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट इंग्रजीतून होते. अर्जाचंच शुल्क खुल्या गटाला ४,००० रुपये, शिकवणीचा खर्च वेगळा. पुढे पाच वर्षांची फी. मग इंटर्नशिप, बहुतेक ठिकाणी बिनपैशाची, मुंबई-दिल्लीत स्वतःच्या खर्चाने राहून. त्या इंटर्नशिपमधूनच नोकरीची ऑफर निघते. म्हणजे ज्याच्या बापाकडे पाच वर्षं थांबायची ऐपत आहे, त्याचा अर्ज टेबलावर आधीच पोहोचलेला असतो. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये ‘आयडिया’ ही संस्था नेमक्या याच कारणासाठी काढली. गरीब, ग्रामीण, वंचित घरांतली मुलं या विद्यापीठांत पोहोचावीत म्हणून. २०१९ मध्ये तो माणूस गेला. प्रश्न मात्र तसाच आहे.

आता नावाबद्दल बोलतो, कारण ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. तो अभ्यास वकिलांचा नव्हता. पण वकिलांची ऑफिसं काही वेगळ्या ग्रहावर नाहीत. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका हिरे निर्यात कंपनीने एमबीए झालेल्या तरुणाला ‘आम्ही फक्त बिगरमुस्लिमांना घेतो’ असं चक्क लिहून कळवलं होतं. लिहून कळवलं, म्हणून तर गवगवा झाला. बाकीचे लिहीत नाहीत.

भाचीला मुसलमान म्हणून नाकारलं का? मला सांगता येणार नाही. आपल्याकडे प्रत्येक नकारावर धर्माचा शिक्का मारायची सवय लागलीय. ती मला पटत नाही. कदाचित पिंपरी कोर्ट नडलं असेल, कदाचित इंग्रजीचा उच्चार. पण अडचण इथेच आहे. ज्या मुलाखतीत काही मोजलंच जात नाही, तिथे भेदभाव सिद्धही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. संविधानाचं कलम १५ राज्यसंस्थेला बांधतं. खासगी मालकाने धर्म बघून नोकरी नाकारू नये, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. हे वकिलांनाच सर्वांत चांगलं माहीत आहे.

‘पण फर्म हा धंदा आहे, अशिलाला शोभेल असाच माणूस लागतो,’ हे उत्तर मी बार रूममध्ये शंभरदा ऐकलंय. बरं, धंद्याच्या भाषेत बोलू. चाकण, तळेगाव, पिंपरी-चिंचवड इथे या फर्मचं मोठं काम कसलं? जमिनीचं आणि कामगारांचं. कारखान्यासाठी जमीन घ्यायची तर सातबारा, फेरफार, इंडेक्स टू बघून सर्च रिपोर्ट लिहावा लागतो. तलाठी कार्यालयात उभं राहून जुन्या नोंदीतलं अक्षर लावावं लागतं. कंत्राटी कामगाराचं म्हणणं त्याच्या भाषेत समजून घ्यावं लागतं. खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते. हे सगळं भाचीला येतं. ज्यांना तिच्याऐवजी घेतात, त्यांना हेच शिकवायला दोन वर्षं जातात. मग हा धंद्याचा हिशेब नाही. ही आपल्यासारख्याच माणसांत बसायची हौस आहे, आणि तिची किंमत अशील भरतो.

यात आणखी एक गंभीर गोष्ट आहे. २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अटीमागचा हेतू चांगला आहे, कोर्ट न पाहिलेला न्यायाधीश नको. पण ही तीन वर्षं काढायची कुठे आणि कशावर? मद्रास हायकोर्टाने जून २०२४ मध्ये तामिळनाडूच्या मोठ्या शहरांत ज्युनिअरला महिन्याला किमान २०,००० आणि इतरत्र १५,००० रुपये द्यायला सांगितलं. त्यानंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने तसंच परिपत्रक काढलं, पण सक्ती केली नाही. परिणामी आता चेंबरचं दार हेच न्यायाधीशाच्या खुर्चीचंही दार झालंय. तिथे ओळखपरेड चालत असेल, तर उद्याच्या न्यायासनावर कोण बसणार तेही तिथेच ठरतं.

आता माझी कबुली. चार वर्षांपूर्वी मला ज्युनिअर हवा होता. सात अर्ज आले. मी एकही वाचला नाही. एका मित्राचा फोन आला, ‘भाईजान, माझ्या मेहुण्याचा मुलगा आहे,’ आणि मी त्याला ठेवून घेतलं. मुलगा चांगला निघाला. बाकीचे सहा कसे निघाले असते, ते मला कधीच कळणार नाही. त्या सहांपैकी कोणाचा तरी मामू त्या रात्री माझ्यासारखाच चिडून बसला असेल. आपल्या समाजातले नाव कमावलेले वकील सच्चर समितीवर भाषणं देतात आणि ज्युनिअर घेताना बिरादरी बघतात. ज्या दारावर आपण उभे राहून ओरडतो, त्याची एक किल्ली आपल्याही खिशात आहे.

मागणी मोठी नाही. जागा असेल तर जाहीर करा. उमेदवाराला एक तास आणि एक खरं काम द्या. सातबाऱ्याचा उतारा द्या आणि हक्काबद्दल टिपण लिहायला सांगा, किंवा नोटिशीचं उत्तर लिहायला सांगा, मराठीत चालेल. तो कागद तपासून होईपर्यंत नाव, कॉलेज आणि पत्ता झाकून ठेवा. लंडनमधल्या काही बड्या फर्मनी मुलाखत घेणाऱ्यापासून उमेदवाराचं विद्यापीठ लपवून पाहिलं. त्यांचा धंदा बुडाला नाही. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. आणि पैसे द्या, कारण पगार न देणं हीसुद्धा निवडच आहे, श्रीमंतांची.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढचा ज्युनिअर असाच घेणार. फोन आला तर सांगणार, अर्ज टाकायला सांग.

भाची पुढच्या आठवड्यात आणखी एका ऑफिसात जातेय. तिने मला विचारलं, ‘मामू, घरात कोणी वकील आहे का असं विचारलं तर या वेळी काय सांगू?’

मी म्हटलं, ‘बेटा, सांग, आहे. मीच.’