सही कुठे केली होती?

तेराव्याला आलेले पाहुणे एसटीला लागले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पतसंस्थेचा माणूस दारात. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची ही गोष्ट. नवऱ्याचं छोटं वर्कशॉप होतं. हार्टअटॅकनं अचानक गेला. मागे पतसंस्थेचं कर्ज, क्रेडिट कार्ड, शिवाय कुणाकुणाकडून हातउसने घेतलेले. हिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"वहिनी, आता तुम्हालाच बघायला हवं. या कागदावर तेवढी सही करा," तो म्हणाला. सासूबाईंचं म्हणणं, पोरगा कर्जात गेला असं कुणी म्हणायला नको. हिनं माहेरच्या पाटल्या कपाटातून काढूनही ठेवल्या होत्या. नशीब, सही करण्याआधी मला फोन केला.

मी वकील नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. पण अशा बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या चढून एक गोष्ट पाठ झालीय. नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोचं होत नाही! त्याच्यामागे जे राहिलं त्यातून ते फेडायचं. वारसाला जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. उरलेलं तिच्या पगारातून किंवा दागिन्यांतून मागता येत नाही. स्त्रीधन तिचं एकटीचं. 'बापाचं देणं फेडणं मुलाचा धर्म' या नावाखाली मुलाला कोर्टात खेचण्याची वाटही हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं नव्या कर्जांपुरती बंद केली. अर्थात, घर तारण असेल तर तारणच राहतं.

खरी मेख पुढेच आहे. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार असेल, तर ती स्वतःच्या सहीनं बांधलेली असते. आणि सह्या कशा करतो आपण? "इथे सही कर गं" म्हटलं की कणकेचा हात पुसून! कर्ज किती, कुणाचं, विचारतं कोण?

पैसे मिळवतानाही घोळ होतोच. खात्याला नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे पैसा आपला, असं वाटतं. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, हक्क वारसांचा असतो. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा. सासूबाईंचाही वाटा, हे ऐकून अनेकींचे चेहरे बघण्यासारखे होतात. (उद्या आपणही सासू होणार आहोत, बरं का!) मृत्युपत्र असलं तर मुंबईत प्रोबेटची सक्ती होती, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ते कलमच काढलं. पण मृत्युपत्रावरून भांडण लागलं तर कोर्ट चुकत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नवऱ्यानं विमा घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली तो बायकोमुलांच्या नावे केला, तर ती रक्कम त्याच्या देणेकऱ्यांच्या हाती सहसा लागत नाही. साधा एक फॉर्म भरायचा असतो. एजंट सांगत नाही, आपण विचारत नाही.

मैत्रिणीला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे नेलं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. लेथ मशीन विकून आलेल्या पैशात कार्डाचं बसलं तेवढं दिलं. पतसंस्थेच्या कागदावर मात्र जामीनदार म्हणून हिचीच सही निघाली. "मला वाटलं, रेशनकार्डाचं काहीतरी असेल," ती म्हणाली. पाटल्या वाचल्या, हप्ते चालू आहेत.

त्या रात्री मी घरी म्हटलं, "आपल्या कर्जाच्या फायली काढा हो."

"का? मला काय धाड भरलीय?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी फाइल टेबलावर आली. तीत माझ्या चार सह्या. एक तर ह्यांच्या कुणा मित्राच्या गाडीच्या कर्जाला जामीनदार म्हणून. हा मित्र कोण, मला अजून आठवत नाही.