बेगमी वेगळी, घबराट वेगळी

मार्च २०२० मधील तो आठवडा साखळीकर अजून विसरलेले नाहीत. रविवार, २२ मार्चला 'जनता कर्फ्यू' पाळला गेला आणि गोव्यात तो आणखी तीन दिवस वाढविल्याची घोषणा झाली. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. त्या रात्री देशभर लोक दुकानांकडे धावले. गोव्यात तर धावून उपयोग नव्हता, कारण पहिले काही दिवस किराणा मालाची दुकानेही बंदच होती. बेळगावहून येणारी भाजीची वाहतूक विस्कळीत झाली. दूध, साखर, पीठ यांसाठी चांगल्या घरची माणसेही हातघाईवर आली.

याला आता काही वर्षे लोटली. मग आज हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की त्या दिवसांचा हिशेब आपण केलाच नाही. सगळा दोष सरकारवर ढकलून मोकळे झालो. सरकारचा दोष होताच, त्याकडे आम्ही येऊ. पण आधी आपल्या घरातले बोलू.

आम्हीही त्या झुंबडीतलेच. कर्फ्यूच्या आदल्या दिवशी बँकेतून सुटलो आणि घरात पीठ असताना आणखी दहा किलो घेऊन आलो. का घेतले? पुढचा माणूस घेत होता म्हणून. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्यातल्या निम्म्या पिठाला जाळी धरली. ते परसात टाकताना आईने एकच विचारले, "हे कोणाच्या वाट्याचे होते रे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर साध्या हिशेबात आहे. एका वाड्यावर शंभर घरे आहेत आणि प्रत्येक घराला महिन्याला पाच किलो साखर लागते असे समजू. म्हणजे महिन्याचा खप पाचशे किलो. दुकानदार काही पाचशे किलो भरून ठेवीत नाही. आठवड्याचा माल, म्हणजे सव्वाशे किलो ठेवतो, कारण माणसे पुढेमागे येतात. एके दिवशी अफवा उठते आणि प्रत्येकजण महिन्याची साखर एकदम मागतो. पहिल्या पंचवीस घरांत दुकान रिकामे. उरलेली पंचाहत्तर घरे हात हलवीत परत. साखर संपली होती काय? मुळीच नाही. ती पंचवीस घरांच्या डब्यांत होती.

बँकेचेही असेच असते. ठेवीदारांचा सगळा पैसा शाखेच्या तिजोरीत नसतो. बराचसा कर्जाऊ गेलेला असतो. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर धडधाकट बँकही अडचणीत येते. बँक काय, दुकान काय, दोन्ही विश्वासावर चालतात. विश्वास उडाला की खोटी टंचाईही खरी होते.

मार्च २०२० मध्ये देशात धान्य नव्हते असे कोणी म्हणू नये. भारतीय अन्न महामंडळाच्या साठ्यात तेव्हा साडेपाच कोटी टनांहून अधिक तांदूळ आणि गहू होता. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीच्या धामधुमीत मीठ संपल्याची अफवा उत्तरेत उठली आणि लोकांनी मिठासाठी अवाच्या सवा पैसे मोजले. एवढा मोठा समुद्रकिनारा लाभलेल्या देशात मिठाची टंचाई! आमच्या पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरवाल्यांना हसू आले असेल.

कोणी म्हणेल, साठवण करणे ही तर गोमंतकीयांची रीतच आहे. खरे आहे. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरणे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको. उकडे तांदूळ, सोले, चिंच, सुकी मिरची, खारी मासळी असे सगळे मे महिन्यात घरात येऊन पडायचे. पन्नाशीच्या दशकात भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, त्या काळाच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी आपल्याला सांगितल्या आहेत. तेव्हा या साठवणीचा आधार केवढा वाटला असेल! पण बेगमी हंगामात होते, माल मुबलक असताना, महिनाभर आधी. तिच्यामुळे कोणाचे ताट ओढले जात नाही. उलट अडचणीच्या दिवसांत आपले घर बाजारावर भार टाकीत नाही. घबराटीची खरेदी याच्या नेमकी उलट. ज्या दिवशी माल सर्वांत कमी, त्याच दिवशी आपण सर्वांत जास्त उचलतो.

आणि पहिली पंचवीस घरे कोणाची असतात? ज्यांच्याकडे गाडी आहे, महिन्याचा पगार आहे आणि माल ठेवायला कोठीची खोली आहे त्यांची. म्हणजे आपलीच. रोजंदारीवर जगणारा माणूस महिन्याचे सामान भरूच शकत नाही. आपल्या खाणपट्ट्यात तर २०१८ मध्येच खाणी बंद पडून हातातले काम गेलेले. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यावर सरकारचे पाचशे रुपये जमा झाले, ते काढायला आमच्या खिडकीवर एक बाई आली. म्हणाली, "पैसे मिळाले बाबा, पण दुकानात काही उरले असेल ना?" आम्हाला घरातले पीठ आठवले.

आता सरकारविषयी. रोगाची साखळी तोडण्यासाठी कडक पावले हवी होती, हे आम्हाला मान्य आहे. पण अन्नाचे दुकान बंद करणे म्हणजे घबराटीला निमंत्रण देणे. पंच आणि स्वयंसेवकांमार्फत सामान घरपोच देण्याची कल्पना कागदावर चांगली होती, पण तिची तयारी बंदीच्या आधी व्हायला हवी होती. टीका झाल्यावर दुकाने उघडण्याचा निर्णय घ्यावा लागला. राज्याचे मुख्यमंत्री साखळीचेच आमदार. म्हणूनच हे स्पष्ट सांगण्याचा आपला हक्क अधिक आहे, आणि कर्तव्यही.

पुढचे संकट महामारीचेच असेल असे नाही. पुराचे असेल, घाटातला रस्ता खचल्याचे असेल. म्हणून नगरपालिका आणि पंचायतींकडे आपण आजच तीन गोष्टी मागाव्यात. संकटात दुकाने उघडी राहतील, हे पहिल्याच घोषणेत सांगा. दर घरामागे मालाची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा. आणि एकटे वृद्ध, रोजंदार, भाड्याने राहणारे परगावचे मजूर यांची प्रभागवार यादी आधीच तयार ठेवा. हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात मार्च २०२० मध्ये वूलवर्थ्सच्या दुकानांनी सकाळचा पहिला तास वृद्ध आणि अपंगांसाठी राखून ठेवला होता.

आपल्या घरांपुरते मात्र कोणाच्या हुकुमाची वाट पाहायला नको. मे महिन्यात पुरुमेंत जरूर भरा. आणि अफवा उठेल त्या दिवशी, कोठीत तांदूळ असेल तर, पिशवी घेऊन बाहेर पडू नका. त्या दिवशी दुकानात जो माल उरेल, तो आपल्यामुळे उरेल.