मला त्यातलं काही कळत नाही

आपल्या बायका हे वाक्य ज्या लाडिकपणाने उच्चारतात, त्याची मला चीड येते. ‘मला की नै, गाडीतलं काही कळत नाही. ते सगळं हेच बघतात.’ सांगताना चेहऱ्यावर हसू असतं, जणू एखादा दागिनाच मिरवतेय. हीच बाई सोनाराने मजुरी ग्रॅमला किती लावली ते तोंडपाठ सांगते. लोणच्याच्या बरणीला पाण्याचा एक थेंब राहिला तर पुढं काय होतं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मग ज्या गाडीत ती नातवंडांना बसवून तीस-चाळीस किलोमीटर जाते, त्या गाडीबद्दलच तिची अक्कल कुठं गहाण पडते?

आमच्या बेळगावात आता आपल्या समाजातल्या कितीतरी बायका गाडी चालवतात. मुलांना शाळेत सोडतात, सासूला दवाखान्यात नेतात, स्तवनिधीला, कुंभोज बाहुबलीला स्वतः चालवत जातात. मला कौतुक आहेच. पण मंडळाच्या बैठकीत मी एकदा विचारलं, ‘गाडी कोण कोण चालवतं?’ भराभर हात वर झाले. ‘बोनेट कुणी कुणी उघडलंय?’ सगळे हात खाली. एकीने तर कुजबुजत विचारलं, ‘अक्का, ते उघडायची खिट्टी कुठं असते?’ निदान तिने विचारलं तरी. बाकीच्यांना विचारावंसंही वाटलं नाही.

नवी गाडी दारात आली की आपण काय करतो? हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, आणि त्या स्वस्तिकाखाली काय आहे ते घरातल्या बाईला दाखवायचं कुणालाच सुचत नाही. किल्ली तिच्या हातात देतात, फोटो काढतात, ‘आमची सून गाडी चालवते हो’ म्हणून चारचौघांत सांगतात. कूलंटची बाटली कुठली, ऑइलची पट्टी कुठली, स्टेपनीत हवा आहे का, हे मात्र पुरुषांचं खातं. ही अर्धी किल्ली आहे, आणि अर्ध्या किल्लीचं स्वातंत्र्य रस्ता सपाट असेपर्यंतच टिकतं.

माझ्या भाचीचंच सांगते. एप्रिलमधली गोष्ट. गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेने परत येत होती. गाडीत सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. केरी सोडून घाटाचा चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तिने गाडी कडेला घेतली, नवऱ्याला फोन लावला. दुर्दैवाने रेंज होती. तो बेळगावात आपल्या दुकानात बसलेला. म्हणाला, ‘काही होत नाही, एसी बंद कर आणि हळूहळू कणकुंबीपर्यंत आण, तिथं कुणीतरी भेटेल.’ तिने आणली. कणकुंबी यायच्या आधीच गाडीने जीव सोडला. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅस्केट गेलं, पन्नास हजारांवर खर्च आला. आणि घरात वाक्य काय फिरलं? ‘बायकांच्या हातात गाडी दिली की असंच होतं.’

यात बाईचं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. काटा तिच्या डोळ्यांसमोर होता. थांबावं हे तिला आतून कळलं होतं, ती थांबलीही होती. पण निर्णय घेतला तो ज्याला काटा दिसत नव्हता त्याने. माझं भांडण नेमकं इथं आहे. गाडी तापली तर थांबायचं की जायचं हे चाक हातात असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं, ते फोनवरून दुसऱ्याला ठरवायला देता येत नाही. आणि ठरवायचं तर त्यामागचं कारण माहीत हवं.

कारण फार अवघड आहे का? अजिबात नाही. रोज सकाळी ते आपल्या गॅसवर शिट्ट्या देत असतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथं उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या थोडं आधीच उकळतं. पण कुकरमध्ये वाफ कोंडली की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. गाडीतही तेच. इंजिनाभोवती फिरणारं पाणी उकळू नये म्हणून ते जवळपास कुकरएवढ्याच दाबाखाली ठेवलेलं असतं. ते पाणी इंजिनाची उष्णता घेतं, पुढच्या जाळीत म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्याने आणि पंख्याने थंड होतं, पंप त्याला परत आत ढकलतो. एवढाच कारभार. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण ओढू नये हे ज्या बाईला कळतं, तिला तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. उलट रस्त्यावर मदतीला धावणारे बापेच पुष्कळदा ते झाकण फिरवतात. दाब सुटला की उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं आणि कातडी सोलून काढतं. त्या वेळी ‘दादा, हात लावू नका’ असं ठणकावून म्हणता यायला हवं.

म्हणून ऐका, आणि लक्षात ठेवा. काटा एचकडे चालला, किंवा काटाच नसलेल्या गाडीत तापमानाचा लाल दिवा लागला, की आधी एसी बंद. हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण चालू. मे महिन्यात हे वेड्यासारखं वाटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. खिडक्या उघडा आणि सोसा. चारही इंडिकेटर लावून पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे थांबा, इंजिन बंद करा. हीटर आहे म्हणून गाडी तशीच रेटायची नाही. बोनेटमधून वाफ निघत असेल तर ती ओसरेपर्यंत बोनेट उचलू नका. मुलाबाळांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, मागे लाल त्रिकोण ठेवा, घाटात असाल तर वळणाच्या अलीकडे. बोनेट उघडल्यावर पदर, ओढणी, वेणी, बांगड्या सांभाळा, कारण विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागू शकतो. मग निदान अर्धा तास काहीही करायचं नाही. गार पाणी इंजिनावर ओतायचं नाही. तापलेल्या तव्यावर पाणी मारलं की तो वाकतो, धातू इथंही तोच धर्म पाळतो.

सगळं हाताला सोसेल इतकं निवलं की बाटलीतली पातळी बघा. खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये असेल तर ठीक. कमी असेल तर जाड फडकं घेऊन, तोंड बाजूला ठेवून, झाकण हळूच थोडं फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, मगच काढा. काही गाड्यांत ही बाटलीसुद्धा दाबाखाली असते, तेव्हा तिलाही हाच नियम. कूलंट नसेल तर वेळ मारून न्यायला साधं पाणी चालतं. पण भरलेलं पाणी खालून गळत असेल, ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखी साय दिसली किंवा मागून पांढरा धूर सुटत राहिला, तर इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. टोचन मागवायचं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. ‘पाच किलोमीटरच राहिलंय’ हे वाक्य या दुखण्यातलं सगळ्यात महाग औषध आहे.

मेकॅनिकला काय सांगायचं, तेही डोकं चालवून सांगता येतं. गाडी गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर संशय पंख्यावर. चढाला किंवा वेगात तापते, तर पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पंप गेलेला. गाडीखाली स्वच्छ, वास नसलेलं पाणी ठिबकत असेल तर ते एसीचं, काळजी नको. रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल तर कूलंट.

आता खास आपल्या लोकांसाठी. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. घरात गाळणं धुवायलाही नेम आहे, आणि गाडीत मात्र बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओततो. बादलीला चढतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, त्या चोंदतात. कूलंट भरायचं तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते, आणि पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर. कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आतला गंज रोखतं. दुसरी गोष्ट याहून मोठी. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. अंगणात सांडलेलं कूलंट कुत्र्यामांजरांनी चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या घराने जुनं कूलंट गटारात ओतू द्यायचं? सांडलेलं पुसून घ्या, डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, जुनं गॅरेजवाल्याच्या ताब्यात द्या.

यावर मला तीन उत्तरं मिळतात. पहिलं : ‘हात काळे करणं हे आपल्यासारख्या घरच्या बायकांचं काम नव्हे.’ इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ, पुढे जी राणी झाली, तिने १९४५ साली युद्धकाळात सैन्याच्या स्त्रीदलात गाडी चालवण्याचं आणि दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. तिच्या हाताला ऑइल लागलेलं चाललं, आपल्या हातांना कसला विटाळ?

दुसरं : ‘मुळात यंत्र ही पुरुषांची गोष्ट.’ हे म्हणणाऱ्याला बर्था बेंझ सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलग्यांना घेऊन त्याने बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. जगातला मोटारगाडीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी चोंदली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचं लाकूड झिजलं, चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आणि इंजिन तापत होतं, म्हणून वाटेत ठिकठिकाणी पाणी भरत गेली. त्या पहिल्या लांबच्या प्रवासात तापलेल्या इंजिनाला पाणी दाखवून पुढं नेणारी व्यक्ती दोन मुलांना सोबत घेऊन माहेरी निघालेली आई होती. मग मधेच हे खातं पुरुषांच्या नावावर कुणी चढवलं?

तिसरं उत्तर जरा शहाणं आहे : ‘आताच्या गाड्या वेगळ्या, फोन केला की माणूस येतो.’ येतो ना. पण तापलेलं इंजिन त्याची वाट बघत नाही, आणि कणकुंबीच्या जंगलात रेंज आपल्या मर्जीने येत नाही. शिवाय येणारा माणूस तुम्हाला काय सांगतो, हेही कळायला हवं. मागच्या वर्षी एका सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या बिलात इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लिनिंग अशा दोन ओळी आल्या. गाडी पुरती दहा हजार किलोमीटरही चाललेली नव्हती. मी विचारलं तर ‘मॅडम, ते टेक्निकल आहे, सरांना फोन लावा’ म्हणाला. मी खणातलं पुस्तक काढून त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, ‘सर राहू देत. हे यात कुठं लिहिलंय ते दाखवा.’ दोन पानं उलटली, मान खाजवली, आणि दोन्ही ओळी खोडल्या. आपल्याला कळत नाही असं आपणच जाहीर केलं की समोरचा त्याचे पैसे लावतो. त्यात त्याची लबाडी आहे, आणि आपल्या लाडिक वाक्याचाही हातभार आहे.

माझं मागणं मोठं नाही. मंडळाने रांगोळी आणि पाककृतीच्या स्पर्धा खुशाल घ्याव्यात. पण वर्षातून एक रविवार मेकॅनिकला बोलवा, चार गाड्यांची बोनेटं उघडा, प्रत्येकीचा हात ऑइलच्या पट्टीला लागू द्या. मुलीला लग्नात गाडी देणाऱ्या बापाने निदान स्टेपनी बदलायला तरी शिकवून मग तिला सासरी धाडावं. ड्रायव्हिंग क्लासच्या फीत क्लच-ब्रेकबरोबर कूलंटची बाटलीही मागून घ्यावी.

आणि तोवर घरच्या घरी, महिन्यातून एकदा, सकाळी गाडी गार असताना : कूलंटची पातळी बघा. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा घालून बघा. चारी टायरांची आणि स्टेपनीची हवा दाराच्या चौकटीवरच्या आकड्याशी ताडून घ्या. रबर घासून खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचा, तो कायदाच आहे. गाडीत पाच लिटर पाणी, जाड फडकं, टॉर्च आणि लाल त्रिकोण ठेवा. सगळं मिळून कणीक भिजवून बाजूला ठेवायला लागतो तेवढा वेळ. घरातला कुणी ‘तू कशाला, मी बघतो’ म्हणत आला, तर त्याला टॉर्च धरायला सांगा.