ट्रक शिकायचा तर उस्ताद पारखून घ्या



हंगाम तोंडावर आला की आपल्या नामपूर भागात दोन गोष्टींची ओढाताण सुरू होते. एक तोडणीच्या टोळीची, दुसरी चांगल्या ड्रायव्हरची. टोळीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. ड्रायव्हरबद्दल मात्र चार ओळी कोणी लिहीत नाही, म्हणून आज हे लिहायला बसलो.

आपल्यापैकी कित्येकांनी कर्ज काढून ऊस वाहतुकीला ट्रक घातले. गाडी आपली, हप्ता आपला, पण स्टेअरिंगवरचा माणूस परका. तो एके रात्री न सांगता गावी निघून गेला की तोडलेला ऊस फडात वाळतो आणि काट्यावर वजन घटते ते आपलेच. म्हणून हल्ली घरोघर विचार होतो, की पोरगं घरीच आहे, एखादा खासगी उस्ताद लावून त्यालाच ट्रक शिकवू. विचार वाईट नाही. पण उस्ताद कसा लावायचा, याचा विचार आपण करत नाही. मीही केला नव्हता.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. पुतण्याला शिकवायला मी एक जाणता ड्रायव्हर ठरवला. पंधरा दिवस, रोज सकाळी दोन तास, गाडी आमचीच. मोसमकाठच्या मोकळ्या रस्त्यावर पोरगं सफाईने गिअर टाकू लागलं. मी खूश, उस्ताद खूश, पैसे चुकते केले. पुढे परवानाही झाला. हंगामात पहिल्याच आठवड्यात भरलेली गाडी फडातून बाहेर काढताना त्याने वळण जवळून घेतले. पुढचे चाक निघाले, मागचे चारीत उतरले आणि गाडी हळूहळू कलंडली. टोळीतल्या दोन बाया मिनिटभरापूर्वीच त्या बाजूने गेल्या होत्या. माणूस वाचले, एवढेच देवाचे देणे. नंतर कळले, त्या पंधरा दिवसांत पोराने भरलेली गाडी एकदाही चालवली नव्हती. उस्तादाने शिकवली नाही हे खरे, पण मी तरी कुठे विचारले होते? पैसे दिवसांचे मोजले, शिकवले काय ते मोजले नाही.

आमचे एक जुने ड्रायव्हर तेव्हा म्हणाले, "भाऊ, गाडी चालाडनं सोपं शे, उभी करनं कठीण शे." हे वाक्य प्रत्येक बापाने ध्यानात ठेवावे. दोन आसांच्या रिकाम्या ट्रकचे वजन सहा-सात टन. कायद्याने तोच ट्रक भरून साडेअठरा टनांपर्यंत जातो, आणि आपण त्यावर किती चढवतो हे काट्यावर सर्वांना दिसते. म्हणजे रिकाम्या गाडीवर शिकलेला ब्रेक भरल्या गाडीला लागू पडत नाही. उसाची मोळी उंच रचलेली, त्यामुळे गाडीचा तोल वर गेलेला. मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून वळतात. डाव्या बाजूचे काही दिसत नाही. वाढे लोंबून मागचे दिवे झाकतात. हे सगळे शिकवावे लागते, आपोआप येत नाही.

वडीलधारी मंडळी म्हणतील, "आम्ही कुठे शाळेत गेलो? क्लीनर राहूनच शिकलो की!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण क्लीनरकी हीच मोठी शाळा होती. तीन-चार वर्षे भरल्या गाडीत बसायचे, चाक बदलायचे, दोर आवळायचे, घाटात उटी घेऊन तयार राहायचे, आणि मग एखाद्या रात्री सपाट रस्त्यावर उस्ताद स्टेअरिंग हाती द्यायचा. आज क्लीनर राहायला पोरे तयार नाहीत, आणि पुष्कळ गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. ती शाळा मोडत चालली. आपण चार वर्षांचे पंधरा दिवस केले आणि समजूत मात्र जुनीच ठेवली.

आता कायद्याचे थोडे. ट्रकसारखे मालवाहतुकीचे जड वाहन चालवायला वय वीस वर्षे पूर्ण लागते. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हाती असल्याशिवाय त्याचा शिकाऊ परवाना मिळत नाही. शिकताना गाडीला पुढे-मागे लाल अक्षरात 'एल'ची पाटी हवी, आणि शेजारी त्या गाडीचा परवाना असलेला माणूस असा बसलेला हवा की वेळ पडल्यास त्याला गाडी थांबवता येईल. प्रशिक्षण शाळेच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. आपल्या घरच्या ट्रकला तो नसतो, ही गोष्ट लहान नाही. शिवाय पक्क्या परवान्यासाठी मान्यताप्राप्त शाळेचा दाखला लागतो, त्याला नमुना ५ म्हणतात. खासगी उस्ताद कितीही तरबेज असो, तो दाखला त्याला देता येत नाही. मग काहीजण शाळेत न जाताच दाखला मिळवण्याची वाट शोधतात. मालेगावच्या परिवहन कार्यालयात कागद पास होईल, घाटात कागद कामाला येत नाही.

आणखी एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल दिला. तो पिकअप आणि छोट्या टेम्पोपुरता. "आता परवाना चालतो" म्हणत कोणी पोराला उसाच्या ट्रकवर बसवू नये. परवाना नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला पाच हजारांचा दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अठरा वर्षांखालच्या मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अपघातात विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करण्याची वेळ येऊ शकते. एका अपघातात गाडीच काय, शेतही जाईल.

तेव्हा शाळा करावीच, आणि सरावासाठी उस्तादही लावावा. पण लावण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तुमचा स्वतःचा जड वाहनाचा परवाना चालू आहे का, तो दाखवा. भरल्या गाडीवर किती तास द्याल? मागे गाडी घेणे, फडातले वळण आणि रात्रीचा रस्ता शिकवाल का? घाट शिकवाल का?

घाटाचे मुद्दाम लिहितो. हंगाम संपला की हेच ट्रक कांदा भरतात. ताहाराबादहून पिंपळनेरकडे निघाले की सेलबारी आहे, नाशिकच्या वाटेवर राहूड आहे, मुंबईला जायचे तर कसारा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम आजही खरा आहे. सारखा ब्रेक दाबून उतरले की ड्रम तापतात आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाही. चार पैशांच्या डिझेलसाठी न्यूट्रल करणारा किंवा इंजिन बंद करणारा उस्ताद पहिल्याच दिवशी घरी पाठवावा. इंजिन बंद झाले की ब्रेकची हवा भरणे थांबते आणि स्टेअरिंगही जड होते.

शेवटी संचालक मंडळाला एक नम्र सूचना. केंद्र सरकारने २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तासांचा अभ्यासक्रम आहे, आणि तेथे उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट आहे. अशा केंद्राला दोन एकर जागा लागते. गाळप संपल्यावर आपला वाहनतळ पावसाळाभर मोकळाच असतो. सिम्युलेटर, वर्गखोल्या यांचा खर्च मोठा आहे, हे मान्य. तो आज झेपत नसेल तर निदान एखाद्या मान्यताप्राप्त शाळेशी करार करावा. जागा आपली, दुहेरी ब्रेकची गाडी व दाखला शाळेचा, शिकवायला जोडीला आपले जुने जाणते ड्रायव्हर. फी वाहतूक बिलातून हप्त्याने कापावी. सभासदांची मुले आणि टोळीतली होतकरू पोरे, दोघांनाही प्रवेश असावा.

बियाणे घेताना आपण बेणे डोळ्यांनी पाहतो, कांडी हातात घेऊन पाहतो. पोराच्या हाती ट्रक देताना तेवढे तरी पाहावे. येत्या वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, नामपूर