भरतीची धाव आणि कुंडाचे पाणी

अकलोलीहून एका माऊलीचा निरोप आला आहे. मुलगा बारावी झाला, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. गेल्या आठवड्यात शेताच्या बांधावरून उतरताना त्याचा पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. आजी म्हणते, "कुंडावर जा, गरम पाण्यात पाय सोडून बस. आमची सगळी दुखणी तिथंच गेली." मुलगा म्हणतो, "आई, मेडिकलमधून गोळी आण, उद्या धावायचं आहे." माऊली विचारते, कोणाचे ऐकू?

माऊली, निदान पहिले तीन दिवस दोघांचेही ऐकू नका.

तानसेच्या काठची ही ऊन पाण्याची कुंडे आपल्या मुलखाचे भूषण आहेत. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढून देवीचे दर्शन घ्यावे आणि मग कुंडात उतरावे, हा शिरस्ता पिढ्यान् पिढ्यांचा आहे. दिवसभर आवणीत वाकलेल्या पाठीला त्या पाण्याने बरे वाटते, यात खोटे काही नाही. आखडलेला स्नायू उबेने सैल होतो. पण ताजा मुरगळलेला पाय म्हणजे आखडलेला स्नायू नव्हे. तिथे हाडाला हाड बांधणारे दोर ताणले किंवा तुटलेले असतात, बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. अशा जागी ऊब दिली की रक्त आणखी धावून येते आणि सूज वाढते. तेल लावून चोळल्यानेही तेच होते, आणि हाड तडकलेले असेल तर चोळणारा नकळत मोठे नुकसान करून ठेवतो.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस थंडच हवे. बर्फ मिळाला तर पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके चालते. वर लवचिक पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील इतकी घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. सूज उतरू लागली की मग आजीचे ऐका. कोमट पाण्यात पाय सोडून घोटा हळूहळू फिरवावा. हवेत पायाच्या अंगठ्याने अ-आ-इ गिरवावी, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी हलतो.

आणि हे एक ध्यानात ठेवा. पाय टेकून चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागल्या कडेवर बोट दाबताच जीव कळवळत असेल, तर थंड-गरमाचा वाद बाजूला ठेवून एक्स-रे काढून घ्यावा.

कुंडाबद्दल आणखी थोडे, म्हणजे आजींचा राग यायला नको. धावून आल्या आल्या घामेजलेल्या अंगाने ऊन पाण्यात उतरू नये. शरीर आधीच तापलेले असते. रक्तदाब खाली येऊन भोवळ येते, आणि भोवळ पाण्यात आली तर काय होईल ते सांगायला नको. पायाला फोड किंवा जखम असेल तर ती बरी होईपर्यंत सर्वांच्या पाण्यात पाय घालू नये.

आता गोळीचे. धावण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची चाल भरतीच्या पोरांत फार पसरली आहे आणि ती मोठी वाईट आहे. दुखणे ही शरीराने दिलेली हाक असते. गोळी तिचे तोंड बंद करते, आणि मुलगा दुखऱ्या पायावर आणखी चार मैल धावून येतो. शिवाय घाम जाऊन अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर भार पडतो. पाय बरा झाला की नाही हे गोळीवर ठरवू नका. दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहता आले, त्याच पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या, म्हणजे पुन्हा हळू धावायला हरकत नाही. त्याआधी नाही, मग भरतीची तारीख कितीही जवळ असो.

तारीख जवळ असते तेव्हाच पोरे घाई करतात, हेही खरे. घाईचे कारण समजून घेऊ. अलीकडच्या पोलीस भरतीत शारीरिक चाचणी पन्नास गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर धाव आणि गोळाफेक. लांब धावेला वीस गुण. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत काढले तर पैकीच्या पैकी. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटे ५० सेकंद. दर भरतीची जाहिरात स्वतः वाचून घ्यावी, कारण नियम बदलतात. मैदानाची एक फेरी ४०० मीटरची धरली तर मुलाला चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत घ्याव्या लागतात. हा आकडा पोराला पाठ हवा. बहुतेक पोरे पहिली फेरी सत्तर सेकंदांत उडवतात आणि तिसरीला बैलासारखी धापा टाकतात.

आणि यासाठी रोज जीव तोडून धावायचे नसते. आठवड्यातले तीन-चार दिवस इतके सावकाश धावावे की शेजारच्या सोबत्याशी बोलता यावे. एखाददुसऱ्या दिवशी वेगाचे काम: ४०० मीटर ठरल्या वेगाने, मग तीन मिनिटे चालणे, असे चार-पाच वेळा. एक दिवस पूर्ण सुटी. अंतर वाढवायचे तेही थोडेथोडे. महिनाभर धावलाच नाही आणि जाहिरात आली म्हणून एकदम रोज दहा किलोमीटर, याला आपल्यात उतावळा नवरा म्हणतात. नडगीच्या हाडाचे दुखणे बहुधा याच घाईतून येते. सगळी नडगी ठणकत असेल तर आठ-दहा दिवस विसावा आणि मऊ जमीन पुरते. पण एकाच ठिकाणी बोटाएवढ्या जागेत दुखते, रात्री पडल्यावरही दुखते, असे असेल तर हाडाला बारीक तडा असण्याचा संभव असतो. तिथे डॉक्टरच हवा, आणि सहा-आठ आठवडे धाव बंद.

शहरातल्या पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरी असते. आपला मुलगा धावून आल्यावर खाटेवर पडत नाही. चिखलणीला जातो, भारे वाहतो, गवत कापतो. ते सारे शरीराच्या हिशेबी सरावातच जमा होते. आवणीच्या आणि झोडणीच्या दिवसांत त्याची धाव निम्मी करा. घरात काम पडले म्हणून सराव बुडाला असे त्याने मानू नये, आणि धावतो म्हणून काम चुकवतो असे घरानेही म्हणू नये. दोन्ही एकाच अंगावर येते.

शेतकऱ्याच्या पोराने धावावे यात नवलही काही नाही. आपला देश ऑलिंपिकला गेला तोच मुळी यांच्या पायांनी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतात राबणारी, अनवाणी पळणारी पोरे पाहिली. ना शिक्षक, ना खुराक, ना विलायती नियमांची ओळख. तरी त्यांची धाव पाहून टाटांनी मनावर घेतले आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पला हिंदी खेळाडू धाडले. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावला. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर, वेळ दोन तास पन्नास मिनिटे आणि वर काही सेकंद, क्रमांक एकोणिसावा. बरोबर सदाशिव दातारही होते.

अलीकडचे नाव तर सर्वांच्या तोंडी आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. आईवडील वीटभट्टीवर राबले, पोरगा शाळेला पायी जात-येत वाढला, बारावीनंतर फौजेत महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे धावपटू झाला. अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि हाच साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याचा बंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली. असल्या गड्यालाही महिनोन् महिने थांबावे लागते. मग आपल्या मुलाने घोट्यासाठी तीन आठवडे थांबायला काय हरकत आहे?

मुलींच्या आयांनी नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचे नाव घरात सांगावे. आदिवासी पाड्यावरची पोर. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य मिळवले आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. दोन्ही गावे पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखातली.

मुलींच्या बाबतीत मात्र घरच्या स्वयंपाकाकडे नीट पाहिले पाहिजे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाऊन पोर धावू शकत नाही. तिला दम लागतो, पाय गळतात आणि घरचे म्हणतात, "हिच्या अंगात नाहीच." अंगात रक्त नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. नाचणी, कडवे वाल, हिरवा पाला, सुकट, अंडे हे आपल्या घरचेच आहे; वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढे धावायला हरकत नसते. पण धावू लागल्यापासून पाळी तीन-तीन महिने येतच नसेल, तर ते चांगले लक्षण समजू नका. खाणे कमी पडते आहे, आणि अशा मुलीची हाडे ठिसूळ होऊन तडकतात.

आता जिवाची गोष्ट. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडात शिपाईभरतीच्या दहा किलोमीटर धावेत दहाहून अधिक तरुण दगावले. आपल्याकडेही भरतीच्या मैदानावर पोरे कोसळल्याच्या बातम्या येतात. आपल्या कोकणपट्टीची हवा दमट. घाम गळतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, ओकला, कोसळला, तर ऊन लागले असे समजा आणि वाट पाहू नका. सावलीत ओढा, कपडे सैल करा, हाताशी असेल ते पाणी घेऊन सगळे अंग भिजवा आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत पाणी मारणे थांबवू नका. पहिल्या अर्ध्या तासातला थंडावाच जीव वाचवतो. धावताना एकदाही छातीत दुखले, शुद्ध हरपली, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर सरावाआधी हृदयाची पट्टी काढून घ्या. खर्च थोडाच आहे.

बुटांचे बरेच जण विचारतात. चौगुल्यांच्या काळची पोरे अनवाणी पळत. २०१४ साली बारामतीला लता करे नऊवारीत, अनवाणी शर्यत जिंकल्या. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते. त्यांना नमस्कार असो. पण पावसाळ्यात आपल्या चिखलात काटा, काच, साप तर असतातच. शिवाय पायाच्या चिरेतून लेप्टोचा ताप शिरतो. तेव्हा बूट हवेतच, महाग नकोत. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालून बघावे. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. बूट हातात घेऊन वाकवावा: बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर ठेवून द्यावा. थोरल्या भावाचे झिजलेले बूट धाकट्याला देण्याची काटकसर इथे करू नका. दुसऱ्याच्या चालीने झिजलेला तळवा पाय वाकडा पाडतो. भिजलेले बूट चुलीजवळ वाळवू नयेत, चिकटवण सुटते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्यावर ठेवावेत.

डांबरी रस्त्यापेक्षा मातीची पायवाट आणि कापणी झालेले सपाट शेत बरे. रस्त्यावरच धावायचे तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगात पांढरा सदरा हवा आणि कानात गाणी नकोत. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावे. घरच्या कोणी सायकल घेऊन मागे गेले तर फारच छान.

माऊली, चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला रोजचेच जेवण वाढा, नवे काही नको. सकाळी दोन-अडीच तास आधी भाकरी-गूळ किंवा दोन केळी. बूट जुनेच, सरावातले. दुकानातून आणलेला कोरा जोड त्या दिवशी पहिल्यांदा पायात घालू देऊ नका, दुसऱ्याच फेरीला टाच सोलून निघते.