सांधे दिसू द्यावेत

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी जयंतीचे फलक उभे राहतात. त्यांवर जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, माता रमाई आणि बाबासाहेब एकाच प्रकाशात, खांद्याला खांदा लावून उभे असतात. या मांडणीची थट्टा करणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. ज्या समाजाची छायाचित्रे फार कोणी काढली नाहीत, त्याने हाती आलेले तुकडे जोडून आपला वारसा डोळ्यांसमोर उभा केला. जुन्या घरांत एकाच काचेच्या तसबिरीत कॅलेंडरातले बाबासाहेब, नोकरीला लागलेल्या मुलाचा पासपोर्ट फोटो आणि आजीचा एकुलता एक फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले असत. ते कोलाजच होते. त्याला कला कोणी म्हटले नाही, एवढेच.

मात्र त्या तसबिरीत प्रत्येक फोटोच्या कडा दिसत. संगणकाने त्या पुसून टाकल्या. जोतीरावांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० चे, बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. या दोघांना एका बाकावर बसवणारे चित्र विचारांचे नाते सांगते, तोवर ते योग्यच आहे. पण सांधा दिसेनासा झाला की विद्यार्थी त्याला घडलेला प्रसंग समजतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या चित्रामागे दीक्षाभूमीचा भव्य स्तूप सर्रास दाखवतात. त्या स्तूपाचे लोकार्पण २००१ साली झाले. आता कृत्रिम बुद्धिमत्ता तर कधीच न निघालेले फोटोही काढून देते. आपल्याकडे पुरावा मुळात थोडा. त्यात बनावट मिसळली, तर खऱ्यालाही खोटे म्हणणाऱ्यांना आयते निमित्त मिळेल.

यावर उपाय कोलाज सोडण्याचा नाही, ते प्रामाणिकपणे करण्याचा आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी एप्रिल १९८६ मध्ये अमेरिकेतील एका वाळवंटी रस्त्याचे शेकडो फोटो अनेक दिवस, वेगवेगळ्या जागांवरून घेतले आणि कडांसह एकत्र जोडले. पाहणाऱ्याला त्या रस्त्यावरून हिंडल्यासारखे वाटते, आणि हे एका क्षणाचे दृश्य नव्हे हेही कळते.

आपल्या जिल्ह्यात या पद्धतीला तेरइतके योग्य स्थळ नाही. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिरासमोर उभे राहिले की मंडप दिसतो आणि आत विष्णूची मूर्ती. वळसा घालून मागे गेले की विटांची अर्धगोल भिंत आणि वरचे गजपृष्ठाकार छत दिसते. ही घडण चैत्यगृहाची असून मूळ वास्तू बौद्ध असल्याचे अनेक अभ्यासक मानतात, मंडप नंतरचा. समोरून घेतलेला एक फोटो एकच काळ सांगतो. विद्यार्थ्यांनी वास्तूभोवती फिरत वीस-पंचवीस फोटो घ्यावेत, ते कागदावर जुळवावेत आणि जिथे बांधकाम बदलते तिथे सांधा तसाच ठेवावा. अर्धगोल भिंत त्यांना वर्णनाने सांगावी लागणार नाही. मूर्ती आज तिथे आहे, तीही चित्रात असावी. पुढचा काळ कापून टाकणे हा इतिहास नव्हे, मग तो आपल्या सोयीचा का असेना.

हेच काम घराघरांतूनही व्हावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर आणि परिसरातील गावे जमीनदोस्त केली. अनेक गावे पुढे दुसऱ्या जागी वसली. जुन्या घराचा, जुन्या विहाराचा एखादा फोटो कोणा नातेवाइकाच्या पेटीत उरला असेल, तर त्याच्याशेजारी त्याच जागेचा आजचा फोटो आणि नव्या घराचा फोटो लावावा. मधली मोकळी जागा झाडांनी किंवा आकाशाने भरू नये.

आपल्या शाळेच्या भोजनगृहाची लांब भिंत अशा कामासाठी द्यावी, ही माझी सूचना आहे. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातले, मैदानावरचे, वंदनेच्या वेळचे फोटो पाठवावेत. मूळ प्रत घरीच ठेवावी, नक्कल पाठवावी. मागे पेन्सिलीने जागा, वर्ष आणि फोटोतील सर्वांची नावे लिहावीत. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे आणि पहारेकरी मामांचेही नाव लिहावे, ते बहुधा राहून जाते. वर्ष नक्की आठवत नसेल, तर तेव्हा आपण कोणत्या इयत्तेत होतो तेवढे लिहिले तरी पुरे.